झाडाचं नाव ठरवायची घाई नको
(मासिक सभेतील भाषण)

मैत्रिणींनो, शिवारातलं एखादं झाड ओळखू येत नसेल, तर एका पानावरून नाव ठरवू नका. वर्षभर येता-जाता बघा.

कोकणातला काजराच घ्या. पावसाळ्यात नुसती चकचकीत पानं. समोरासमोर, देठापासून तीन ते पाच ठळक शिरांची. उन्हाळ्यात बारीक हिरवट-पांढरी फुलं. थंडीत मात्र नारिंगी गोल फळं, आणि पोरं संत्रं समजून हात घालतात! आतल्या चपट्या, बटणासारख्या बिया जहरी. त्यालाच कुचला म्हणतात.

म्हणून पान, फूल, फळ, बी चारही बघा, जाणत्या बाईला विचारा. तोवर फळ तोंडात नाही, साल-पाला औषधात नाही. गटाच्या वहीत दर महिन्याला नोंद करा आणि पोरांनाही झाड दाखवून ठेवा.