'आमच्यानंतर कोण?'

(बौद्धिक दिव्यांगांच्या पालकांच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींचे आईवडील एकत्र आले की बोलणे शाळेपासून सुरू होते, डॉक्टर आणि औषधांकडे वळते, नातेवाइकांच्या वागण्यावर थोडा वेळ रेंगाळते आणि अखेरीस एका प्रश्नापाशी येऊन थांबते. 'आमच्यानंतर कोण?' हा प्रश्न उच्चारला गेला की सभागृहात शांतता पसरते, कारण प्रत्येकाच्या मनात तो आधीपासूनच असतो. आजचे विवेचन या एकाच प्रश्नाभोवती आहे. एके काळी तो घराच्या चार भिंतींआड अश्रूंच्या रूपाने विचारला जात असे. पालकांनी संघटित होऊन तो समाजापुढे आणि शासनापुढे मांडला, त्याचा पाठपुरावा केला आणि देशाला त्याची दखल घ्यावयास लावली. हे कसे घडले आणि त्यातील कोणते कार्य अपुरे आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

प्रश्न नवा का आहे?

हा प्रश्न आजच इतका तीव्र का झाला, याचा प्रथम विचार करावयास हवा. डाऊन सिंड्रोम असलेले मूल पूर्वी फार काळ जगत नसे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत प्रगत देशांतही अशा व्यक्तींचे सरासरी आयुर्मान पंचवीस-तीस वर्षांच्या आसपास होते. आज त्याच देशांत ते साठ वर्षांपर्यंत पोहोचले आहे. हृदयातील जन्मजात दोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, जंतुसंसर्गावर प्रभावी औषधे आली, देखभाल सुधारली. भारतातही अशी मुले आता प्रौढ होतात, त्यांचे केस पांढरे होतात. विज्ञानाने आयुष्य वाढविले, परंतु त्या वाढीव आयुष्यात हात धरणारे माणूस विज्ञान देऊ शकत नाही.

याच काळात घरे लहान झाली. काका, काकू, आजी, चुलत भावंडे अशा गोतावळ्यात असे एक मूल सहज सामावून जाई, असे अभिमानाने सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. पण तेवढेच सत्य नाही. त्या मोठ्या घरातही सारा भार बहुधा आईनेच वाहिला. लग्नकार्यात ती मागच्या खोलीत मुलापाशी बसून राही, आणि 'पूर्वजन्मीचे काहीतरी असेल' हे वाक्य तिलाच ऐकावे लागे. कर्मसिद्धान्ताचा असा उपयोग करणे हे अधर्माचे लक्षण आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्या परंपरेने प्रत्येक जीवात ईश्वराचा अंश पाहिला, तिच्या नावाने एखाद्या निष्पाप मुलाला कुणाच्या पापाचे फळ ठरविता येत नाही.

आज चित्र असे दिसते. दोन खोल्यांचे घर, निवृत्त झालेले सत्तरीचे वडील, गुडघेदुखीने जेरीस आलेली आई आणि पस्तीस वर्षांचा मुलगा. त्याची दाढी वडील करतात, त्याला घास आई भरविते. धाकटी बहीण परगावी आपल्या संसारात आहे. तिचे भावावर प्रेम आहे. पण तिच्या सासरच्या घराकडून गृहीत धरून काही मागणे आईवडिलांना प्रशस्त वाटत नाही. मुलाची विशेष शाळा अठराव्या वर्षी संपली आणि त्यानंतरची सतरा वर्षे तो खिडकीशी बसून आहे. अशी घरे प्रत्येक नगरात, प्रत्येक मोठ्या गावात आहेत. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे १५ लाख नोंदली गेली. पुष्कळ घरे हे अपंगत्व सांगतच नाहीत, हे ध्यानात घेतले तर प्रश्नाची व्याप्ती याहून मोठी आहे हे कळते.

आईवडिलांनी घातलेला पाया

या क्षेत्रातील सेवांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. बहुतेक ठिकाणी पहिली वीट एखाद्या आईने किंवा वडिलांनी ठेवली आहे. मुंबईत १९४४ साली होरमसजी आणि जेरबाई वकील या पारशी दांपत्याला आपल्या कन्येसाठी योग्य शाळा मिळाली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच ती सुरू केली. शिवडीची जय वकील शाळा ही त्यातूनच उभी राहिली. नाशिकमध्ये १९७७ साली रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले आणि पुढे आपले आयुष्य शेकडो मुलांसाठी वाहिले. बदलापूरचे 'आधार' किंवा डोंबिवलीजवळील खोणी येथील 'घरकुल' ही प्रौढ बौद्धिक दिव्यांगांची निवासी घरेही पालकांच्या संघटित प्रयत्नांतून साकारली आहेत.

या सर्व कार्यांमागे एक समान सूत्र आहे. 'माझ्या मुलासाठी' असा आरंभ झाला, पण तो 'आमच्या मुलांसाठी' इथपर्यंत पोहोचला. व्यक्तिगत दुःखाचे सामाजिक कर्तव्यात रूपांतर होणे, हेच संघटनेचे मर्म आहे.

शाळा उभ्या करून पालक थांबले नाहीत. १९८४ साली केंद्र शासनाने सिकंदराबाद येथे या विषयाची राष्ट्रीय संस्था स्थापन केली. ठिकठिकाणच्या पालक संघटना एकमेकींच्या संपर्कात येत गेल्या आणि १९९५ साली 'परिवार' हा पालक संघटनांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. भाषा, प्रांत, जात आणि पंथ यांच्या सीमा ओलांडून केवळ एका समान वेदनेच्या धाग्याने माणसे जोडली गेली. समाज एकात्म आहे, याचा हा जिवंत प्रत्ययच म्हणावा लागेल.

कायद्यातील पोकळी

पालकांना कायद्याच्या दारापर्यंत का जावे लागले? मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत आईवडील त्याचे नैसर्गिक पालक असतात. अठराव्या वाढदिवशी कायद्याच्या दृष्टीने ते मूल सज्ञान होते. मग त्याच्या नावावरची ठेव, वारसाहक्काची जागा, शस्त्रक्रियेची संमती यांवर सही कोणी करावयाची? अल्पवयीनांसाठीचा पालकत्वाचा कायदा त्याला लागू होत नाही. १९८७ चा मानसिक आरोग्यविषयक कायदा होता; पण मनोरुग्णाची व्याख्या करताना त्यातून मतिमंदत्व स्पष्टपणे वगळलेले होते. शास्त्रदृष्ट्या ते योग्यच होते. मनोरुग्णता हा आजार आहे, त्यावर उपचार असतात. बौद्धिक अक्षमता ही आजार नव्हे, तर विकासाची मंद गती आहे. परंतु परिणाम असा झाला की या व्यक्तींच्या पालकत्वासाठी सोपा मार्गच उरला नाही. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा आला, तेव्हा त्यातील नोकऱ्यांचे राखीव स्थान दृष्टिदोष, श्रवणदोष आणि अस्थिव्यंग यांपुरते होते. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना तेथेही जागा नव्हती.

ही पोकळी पालकांनी सातत्याने निदर्शनास आणून दिली. अखेर अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार असताना १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'नॅशनल ट्रस्ट' अर्थात राष्ट्रीय न्यासाचा कायदा संमत झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी हा न्यास आहे. केंद्राने त्यासाठी १०० कोटी रुपयांचा स्थायी निधी दिला. न्यासाच्या मंडळावर नोंदणीकृत संस्थांमधून जे नऊ सदस्य घ्यावयाचे, त्यांपैकी तीन जागा पालक संघटनांच्या प्रतिनिधींसाठी आहेत. ज्यांचे दुःख, त्यांचाच निर्णयात सहभाग, हे तत्त्व या तरतुदीने मान्य केले.

पालकत्व म्हणजे मालकी नव्हे

या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समितीची तरतूद केली. जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे स्वरूप असते. आईवडील किंवा नातेवाईक या समितीकडे अर्ज करून प्रौढ मुलासाठी कायदेशीर पालकाची नियुक्ती मागू शकतात. न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्याची गरज राहत नाही.

नियुक्त पालकावर बंधनेही आहेत. त्याने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सादर करावयाची असते आणि दरवर्षी हिशेब द्यावयाचा असतो. त्याने दुर्लक्ष केले, छळ केला किंवा मालमत्तेचा अपहार केला, तर नातेवाईक अथवा नोंदणीकृत संस्था त्याला दूर करण्याची मागणी करू शकते. आपल्या माघारी मुलाच्या नावावरचे घर कोणी बळकावील, ही भीती ज्या आईच्या उरात आहे, तिच्यासाठी या तरतुदीचे मोल फार मोठे आहे.

२०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा यापुढे एक पाऊल गेला. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार त्याने मान्य केले. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का ज्या गटांसाठी आहे, त्यांत प्रथमच बौद्धिक अक्षमतेचा समावेश झाला. आणखी एक महत्त्वाचा विचार या कायद्यात आहे. व्यक्तीच्या वतीने सर्व निर्णय दुसऱ्यानेच घ्यावेत असे नव्हे. जेथे शक्य असेल तेथे त्या व्यक्तीला विचारून, तिला समजेल अशा रीतीने सांगून निर्णय व्हावा.

हा मुद्दा पालकांनाही आत्मपरीक्षण करावयास लावणारा आहे. प्रेमापोटी आईवडील मुलाचे सारे काही स्वतः करतात. त्याला भाजी निवडता येते का, बसचे तिकीट काढता येते का, पांढरा सदरा आवडतो की निळा, हे विचारलेच जात नाही. मग आईवडील गेल्यावर तो सर्वार्थाने निराधार होतो. 'आमच्यानंतर कोण?' या प्रश्नाचे पहिले उत्तर 'तो स्वतः, जेवढे जमेल तेवढे' हे असावयास हवे. स्वतःची आंघोळ स्वतः करणारा तीस वर्षांचा मुलगा ही त्या घराची मोठी कमाई आहे.

फळवाटपाच्या पुढे

कायदे आहेत, योजना आहेत. तरीही खिडकीशी बसलेला तो मुलगा तेथेच का आहे? कारण कायदा जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत पोहोचतो, तिथून घराच्या उंबरठ्यापर्यंतचे अंतर समाजालाच चालावे लागते.

येथे सेवाकार्य करणाऱ्यांनीही स्वतःला काही प्रश्न विचारावेत. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, विशेष शाळेत फळे वाटली जातात, छायाचित्रे निघतात. त्यामागची भावना शुद्ध असते. पण त्या शाळेतून बाहेर पडलेली मुले आता कोठे आहेत, हे विचारावयास ४ डिसेंबरला कोणी जात नाही. दया दात्याच्या सवडीने येते. सेवा ही गरजवंताच्या वेळेवर यावी लागते. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. समाज हा जर एक देह असेल, तर त्याच्या दुर्बळ अवयवाची काळजी हा उपकार होत नाही. देहाने स्वतःचीच घेतलेली ती काळजी असते. रांगेतील शेवटचा माणूस शोधावयाचा तर जो स्वतः रांगेत उभाही राहू शकत नाही, स्वतःचे मागणे शब्दांत मांडू शकत नाही, त्याच्यापासूनच आरंभ करावा लागेल.

या दृष्टीने कामाला प्रारंभ झाला आहे. रा. स्व. संघ जनकल्याण समितीचे लातूर येथील 'संवेदना' केंद्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी कार्यरत आहे. २००८ साली स्थापन झालेली 'सक्षम' ही संघटना दिव्यांगांच्या सर्व गटांत काम करते. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण केला. पण संस्था आणि विभाग किती झाले यापेक्षा आपल्या वस्तीतील घर सुटले का, हाच खरा निकष आहे.

वस्तीपातळीवर काय करता येईल?

पहिले काम शोधाचे. आपल्या वस्तीत अशी किती घरे आहेत, याची माहिती प्रत्येक कार्यकर्त्याजवळ असावी. ती गणती करावयाची नसून ओळख करून घ्यावयाची आहे.

दुसरे काम कागदपत्रांचे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्र यांवाचून पुढची दारे उघडत नाहीत. वृद्ध आईवडिलांना मुलाला घेऊन शासकीय रुग्णालयात दिवसभर बसणे जमत नाही. एक तरुण आणि त्याची दुचाकी किंवा रिक्षा एवढ्याने हे काम होते. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चासाठी आहे. तिचा अर्ज भरून द्यावा. घरात केंद्र शासनाचे निवृत्तिवेतन असेल, तर कमावण्यास असमर्थ असलेल्या अशा अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते. त्याची नोंद आईवडिलांच्या हयातीतच करून घ्यावी. पालकत्वाचा अर्ज आणि मृत्युपत्र हेही 'पाहू पुढे' म्हणून टाळू नये.

तिसरे काम वेळ देण्याचे. आठवड्यातून दोन तास कोणी विश्वासू व्यक्ती मुलापाशी बसली, तर त्याची आई देवळात जाऊन येईल, बहिणीला भेटेल किंवा नुसती झोपेल. ज्या स्त्रीने तीस वर्षांत सलग झोप घेतलेली नाही, तिच्यासाठी याहून मोठी भेट कोणती?

चौथे काम सामावून घेण्याचे. गणेशोत्सवाच्या मंडपात खुर्च्या मांडणे, प्रसादाच्या पुड्या बांधणे, दुकानात पाकिटे भरणे, छापखान्यात कागद जुळविणे ही कामे पुष्कळांना उत्तम जमतात. ठरलेली वेळ आणि ठरलेली रीत मिळाली की ते ती निष्ठेने करतात. कार्यकर्त्यांमध्ये लहान व्यावसायिक पुष्कळ आहेत. प्रत्येकाने एका हाताला काम आणि त्याचे योग्य वेतन दिले, तरी खिडकीशी बसलेले किती जण उठून बाहेर पडतील!

पालकांनी आपला वाटा उचलला आहे. त्यांनी शाळा काढल्या, घरकुले बांधली, दिल्लीपर्यंत जाऊन कायदा करवून घेतला. त्यांपैकी पुष्कळ जण आता थकले आहेत, काही जण राहिले नाहीत. 'आमच्यानंतर कोण?' हा त्यांचा प्रश्न अजूनही समोर उभा आहे. 'आम्ही आहोत' असे त्यांना सभेत सांगणे सोपे आहे. त्यांच्या घरी जाऊन, मुलाला नावाने हाक मारून, पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन ते सांगितले, तर त्या वृद्ध आईवडिलांचा त्यावर विश्वास बसेल.