पाप कोणी केलं?

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या एका रविवारच्या बैठकीतल्या भाषणाचं शब्दांकन)



समोर बसलेल्यांत बौद्ध आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि कुठल्याच धर्माचं नाव न लावणारेही आहेत. म्हणून आधीच सांगते, मी कुणाचा बाप्तिस्मा करायला आलेली नाही. ज्या भावानं मला बोलावलं, त्यानं फोनवर सरळच सांगितलं, "ताई, आमच्यातल्या काहींना वाटतं की धर्म आणि आशा हा सगळा गुंगीचा प्रकार आहे." त्यानं हे सांगितलं ते बरंच केलं. गुंगीची शंका मनात ठेवूनच ऐका. मी पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या महार ख्रिस्ती घरातली आहे. आमच्याकडे बायबल तीन पिढ्यांपासून आहे आणि शंकाही तितक्याच जुन्या आहेत.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायापासून सुरुवात करते. येशू रस्त्यानं चाललाय. वाटेत एक भिकारी बसलाय, जन्मापासून आंधळा. शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कोणी केलं, ह्यानं की ह्याच्या आईबापानं? हा प्रश्न नीट बघा. जन्मतःच आंधळा असलेल्या माणसानं पाप केलं असेल तर ते कधी? जन्माच्या आधीच ना? हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांना गावानं हेच सांगितलं, की मागच्या जन्मी काहीतरी केलं असशील म्हणून ह्या घरात आलीस. शिष्य वाईट माणसं नव्हती. त्यांना तो माणूस दिसलाच नाही, त्यांना दिसला एक हिशेब. येशू तो हिशेबच बंद करतो. पाप ह्याचंही नाही, आईबापाचंही नाही, असं सांगतो, आणि लगेच कामाला लागतो, उजेड आहे तोवर काम करायला हवं म्हणून.

मग तो जमिनीवर थुंकतो, मातीत ती थुंकी कालवतो, तो चिखल त्या माणसाच्या डोळ्यांवर लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर जाऊन धुऊन ये म्हणतो. आता आठवा, पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं बांधायला लावत, त्याची थुंकी रस्त्यावर पडून कुणाला विटाळ होऊ नये म्हणून. लाहोरच्या मंडळानं १९३६ साली होऊ न दिलेल्या आपल्या भाषणात बाबासाहेबांनी हे नोंदवलं आहे. ज्यांच्या थुंकीला मडकं आणि ज्यांना गावच्या तळ्यावर बंदी, त्यांच्या घरात हा अध्याय वाचला जातो तेव्हा थुंकी, माती, स्पर्श आणि तळं हे चारही शब्द वेगळे ऐकू येतात. युरोपातल्या पंडिताला ते तसे ऐकू येणार नाहीत. त्यात त्याचा दोष नाही, पण आपण त्याच्या कानानं का ऐकायचं?

चमत्कार एवढ्यातच आटोपतो. अध्यायाचा मोठा भाग त्यानंतरचा आहे, आणि तुमच्यासाठी महत्त्वाचा तोच. त्या माणसाला दिसू लागतं आणि त्याची चौकशी सुरू होते. शेजारी म्हणतात, हा तो नव्हेच, त्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी. परूशी त्याला दोनदा बोलावून तेच ते विचारतात. आईबापालाही बोलावतात. आईबाप घाबरतात, कारण सभास्थानातून बाहेर काढतील, म्हणजे आपल्या भाषेत वाळीत टाकतील. ते म्हणतात, पोरगा मोठा आहे, त्यालाच विचारा. मला त्या आईबापांचा राग येत नाही. गावात ज्यांना राहायचं असतं त्यांची भीती शहरात गेलेल्या पोराला सहज समजत नाही.

पोरगा मात्र मागे हटत नाही. तुमचा वाद मला कळत नाही, काल दिसत नव्हतं आणि आज दिसतंय, एवढं मला पक्कं ठाऊक आहे, अशा अर्थाचं तो बोलतो. वर खोचकपणे विचारतो, पुन्हा पुन्हा ऐकायचंय म्हणजे तुम्हालाही त्याचे शिष्य व्हायचंय की काय? तेव्हा समोरची मंडळी चिडतात आणि त्यांच्या तोंडून मनातलं निघतं, जन्मापासून पापात बुडालेला तू आम्हाला शिकवणार? आणि त्याला हाकलतात. तुमच्यापैकी ज्यांनी पीएचडीच्या मुलाखती दिल्यात त्यांना हे वाक्य ओळखू येईल. शब्द थोडे सभ्य असतात, एवढंच. त्याला हाकलल्याचं कळल्यावर येशू त्याला शोधत जातो. चर्चमधल्या प्रवचनात हा भाग बहुतेक घाईत उरकतात.

एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी. हे सगळे ज्यू लोक आहेत, येशूसकट. हे घरातलं भांडण आहे. युरोपानं असले उतारे ज्यूंविरुद्ध वापरले आणि त्याचे परिणाम जगानं पाहिले. आपण तो वारसा उचलायचं कारण नाही.

आता बाबासाहेबांचा आक्षेप. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलं आहे, इंग्रजी समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात ते वाचायला मिळतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अस्पृश्याची अवस्था दुसऱ्यांनी केलेल्या अन्यायामुळे झाली, आणि मिशनरी मात्र त्याला त्याच्या आणि त्याच्या पूर्वजांच्या पापाची गोष्ट सांगतात. मग तो व्यवस्थेशी लढायचं सोडून आपलेच दोष उगाळत बसतो. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. मी लहानपणापासून ऐकलेली निम्मी प्रवचनं तशीच होती, दुष्काळ पडला तरी पाप आमचंच. पण नववा अध्याय पुन्हा उघडला की दिसतं, पाप कोणी केलं हा शिष्यांचा प्रश्न आमचे पाद्री अजून विचारताहेत, आणि येशूनं तो केव्हाच मोडीत काढलाय. इथे बाबासाहेब आणि हा अध्याय एका बाजूला आहेत, प्रवचन दुसऱ्या बाजूला.

ग्रंथ कोण वाचतं आणि कुठली पानं वाचू देतं, ह्यावर बरंच ठरतं. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं गेलं. त्यातून इस्राएली लोकांची मिसरच्या गुलामीतून सुटका झाल्याची कथा गाळली होती. नोकरांनी धन्याचं ऐकावं हा उपदेश तेवढा ठेवला होता. छापणाऱ्यांना नीट माहीत होतं की कुठलं पान धोक्याचं आहे. आपल्याकडे १८५५ साली मातंग समाजातली मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि आमचा धर्म तरी कोणता, असं देवालाच विचारते. तो निबंध छापला 'ज्ञानोदय'नं, अमेरिकन मराठी मिशनच्या पत्रानं. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले नाहीत, तरी त्यांनी येशूला बळीराजाच्या रांगेत बसवलं. आणि १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण केली. म्हणजे हे वाचन आपल्या परंपरेत आधीपासून आहे. बाहेरून आणलेलं काही मी तुमच्यापुढे ठेवत नाहीये.

आशेबद्दल मला जे सांगायचंय ते यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात आहे. यरुशलेमेला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलाय. शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत आलाय, म्हणून राजानं त्याला पहाऱ्यात ठेवलंय. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन कोण घेतं? यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखताच्या दोन प्रती करतो, एक मोहोरबंद आणि एक उघडी, आणि बारूखाला सांगतो की ही दोन्ही खतं मातीच्या मडक्यात ठेव, खूप दिवस टिकली पाहिजेत. ह्या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, ह्याची ती खूण.

मला ही आशा आवडते कारण तिच्यात साक्षीदार आहेत आणि दुसरी प्रत आहे. आपल्या घरांतून पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दाखले असतात, शाळा सोडल्याचा, जातीचा, आजोबांचा कसला तरी उतारा. ज्या आईला ते वाचता येत नाहीत तीच ते पावसापाण्यातून जपते. गुंगीत असलेला माणूस दुसरी प्रत काढून ठेवत नाही.

मेरिटबद्दल तुम्हाला रोज ऐकवलं जातं, म्हणून मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखलाही घेते. तो स्वर्गाच्या राज्याविषयी आहे खरा, पण आधी तो मजूर अड्ड्याविषयी आहे. मालक सकाळी माणसं नेतो, नऊला नेतो, दुपारी नेतो आणि दिवस मावळायच्या तासभर आधी उरलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे होतात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामालाच लावलं नाही. हे उत्तर लक्षात ठेवा. ते आळशी नव्हते, त्यांना कुणी निवडलं नव्हतं. संध्याकाळी सगळ्यांना एकच दिनार मिळतो, म्हणजे एका घराचं एका दिवसाचं पोट. सकाळपासून राबलेल्यांची तक्रार अशी, की ह्यांना तुम्ही आमच्या बरोबरीला आणून बसवलंत. बरोबरीचा राग! मालकानं त्यांची मजुरी एका पैशानंही कापलेली नव्हती. आरक्षणावरची कुठलीही चर्चा ऐका, राग शेवटी तिथेच येऊन थांबतो.

आता चर्चबद्दल. ते टाळलं तर मी खोटी ठरेन. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदुर कब्रस्तानात दलित ख्रिस्त्यांची प्रेतं वेगळी राहावीत म्हणून भिंत उभी होती. केरळात पोयकयिल योहन्नान, गुलामीत राबलेल्या पराया घरातला माणूस, एका चर्चमधून दुसऱ्यात गेला, सगळीकडे जात भेटली, आणि १९१० च्या सुमारास त्यानं आपली वेगळी सभा स्थापन केली. आमच्या वंशाची एकही ओळ कुठल्या ग्रंथात नाही, ही त्याच्या गाण्यांतली तक्रार बायबललाही लागू होती. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं चर्चमधली अस्पृश्यता कबूल करणारं धोरण काढलं ते २०१६ च्या डिसेंबरमध्ये. पहिला दलित कार्डिनल, तुमच्या ह्याच हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला, झाला २०२२ साली. अरविंद निर्मळांसारख्या मराठी धर्मपंडितानं १९८१ मध्ये बंगळुरूला दलितांच्या बाजूनं ईश्वरशास्त्र मांडायला सुरुवात केली, तोवर भारतीय ईश्वरशास्त्राचा बराचसा व्यवहार ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशीच चालला होता. नारायण वामन टिळकांवर माझं प्रेम आहे. पण आमच्या वस्तीतल्या माणसांची नावं त्या इतिहासात शोधायला गेलं तर दमछाक होते, हेही खरं.

आणि दाखल्याचा प्रश्न. मला माहीत आहे की इथे काहींना घरी एक नाव आहे आणि कागदावर दुसरं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती धर्माशी बांधल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ मध्ये ही धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून याचिका आहे, २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. तेलंगणात आणि आंध्रात धर्मांतरित दलित ख्रिस्त्यांना बीसी-सी गटात १ टक्का मिळतो. श्रद्धा बदलली की गावातली जात गळून पडते, असं गावात राहिलेला एकही माणूस म्हणणार नाही. कायदा मात्र तसं धरून चालतो.

ह्यावर तुम्हाला दोषी ठरवणारे पाद्री भेटतील. त्यांना राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला पाचवा अध्याय दाखवा. नामान सेनापती बरा झाल्यावर अलीशाला म्हणतो, मी आता तुमच्याच देवाला भजेन, पण माझा राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोनाच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा असावी. अलीशा त्याला उपदेश करत नाही. शांतीनं जा, एवढंच म्हणतो. आता हे मन हलकं करायला ठीक आहे. न्यायालयात राजांचं पुस्तक चालत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळत असताना फक्त आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं म्हणजे संविधानाशी कपट. म्हणून स्वतःचे कागद स्वतः वाचा, आणि सल्ला वकिलाचा घ्या, पाद्रीचा किंवा एजंटचा नको.

चिठ्ठ्या आल्यात. पहिली घेते. 'चर्चमध्ये जातीचा विषय काढला की एकी मोडू नका म्हणतात. काय उत्तर द्यायचं?'

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमेतल्या अगदी पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. एकी मोडू नका, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. मंडळी बोलावली आणि वाटपाचं काम सात जणांच्या हाती दिलं. त्या सातांची नावं तिथे लिहिली आहेत, स्तेफन, फिलिप्प अशी. सातही नावं ग्रीक आहेत. तुमच्या चर्च कमिटीची यादी शेजारी ठेवा आणि दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवा. दुसरी चिठ्ठी कुणाची आहे?