पाप कुणाचं, हे विचारणं थांबवूया

आज जरा मनाला लागलेलं बोलणार आहे.

मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवाची यादी करताना आमच्या गटाने एक घर गाळलं. त्या ताईचा मुलगा जन्मापासून अंध आहे. कुणी म्हणालं, "मागच्या जन्मीचं भोग." कुणी म्हणालं, "तिनं गरोदरपणी ग्रहण पाळलं नसेल." मी बी.ए. शिकलेली, गटाची समन्वयक. तरी गप्प बसले.

महिन्याच्या बैठकीत ताई आली, बचतीचे पैसे मोजून दिले आणि म्हणाली, "माझे पैसे चालतात, माझं कुंकू चालत नाही का?" कुणाकडेच उत्तर नव्हतं.

हे एकाच धर्मात आहे असं नाही. कुठे कर्म म्हणतात, कुठे देवाची मर्जी, कुठे परीक्षा. शनिवारी मारुतीपुढे, शुक्रवारी दर्ग्यापुढे आपण अपंग माणसाच्या हातावर नाणं ठेवतो. पुण्य मिळतं म्हणतो. पण त्यालाच पंगतीत शेजारी बसवायचं म्हटलं, की मागे सरतो.

धर्म मात्र एवढंच सांगत नाही. बायबलमध्ये शिष्य एका जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात, पाप याचं की आईबापाचं? येशू म्हणतात, कुणाचंच नाही. कुराणाच्या ८० व्या सूरेत, बड्या लोकांशी बोलताना एका अंध माणसाकडे पाठ फिरवली म्हणून खुद्द पैगंबरांना समज दिलेली आहे. आणि आपल्या अमरावती जिल्ह्यात १८८१ साली जन्मलेले गुलाबराव महाराज! तान्हेपणीच दृष्टी गेली, तरी कितीतरी ग्रंथ रचले. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं. मग आपल्याच गल्लीतल्या अंध लेकराला आपण पापाचं फळ का म्हणावं?

बाळात व्यंग येण्याची कारणं वेगळी असतात. गरोदरपणातला रुबेलाचा आजार, जवळच्या नात्यातलं लग्न, जन्मताना प्राणवायू कमी पडणं. कधी कारण कळतही नाही. पण ग्रहणात विळी हातात धरल्यानं काही होत नाही. आईला दोष देऊ नका.

२०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे. तो दान नाही. घरी असं कुणी असेल तर सरकारी दवाखान्यातून प्रमाणपत्र काढून घ्या. गटातली एक जण सोबत जा.

आम्ही त्या ताईकडे गेलो, माफी मागितली. यंदाचं हळदीकुंकू तिच्याच अंगणात झालं. तिळगूळ वाटायला तिचा मुलगा होता. एकीलाही द्यायचा राहिला नाही.

तुमच्या यादीतून कुणाचं घर गळलंय? आज एकदा बघा.