पान्यावरचा आकडा

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, आज सुरुवातच खणखणाटाने आहे.

(लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज)

ही बाबांची हत्यारांची पेटी. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात भंगारवाला दारात आला, तेव्हा आई म्हणाली, "तुला यातलं काही कळत नसेल तर देऊन टाकू. उगाच गंजतंय." मला राग आला, पण उत्तर नव्हतं. पेटीतली निम्मी हत्यारं मला ओळखूच येत नव्हती.

बाबांची जुनी बुलेट शेडमध्ये उभी आहे. म्हटलं, तिच्यावरच शिकू. पहिल्याच नटाला 13 चा पाना बसेना. 14 चा बसला, पण ढिला. 'चालतंय' म्हणून जोर लावला. पाना सटकला, नटाचे कोपरे गेले आणि माझं बोट सोललं.

गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेल्या काकांना बोलावलं. त्यांनी पेटीतून एक काळपट पाना काढला. त्यावर लिहिलेलं, 1/4 W. मी म्हटलं, "काका, पाव इंच? हा तर केवढा मोठा आहे!"

गंमत इथंच आहे. आपल्या नेहमीच्या 13 च्या पान्यावरचा आकडा म्हणजे नटाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पण हा व्हिटवर्थ पाना. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने 1841 मध्ये आट्यांचं माप ठरवून दिलं. या पान्यावरचा आकडा नटाचा नाही, आतल्या बोल्टच्या जाडीचा. पाव इंची बोल्टच्या या पान्याचं तोंड साधारण 13.3 मिमी असतं. म्हणून 13 बसत नाही आणि 14 घसरतो. जुन्या बुलेटला असेच इंग्रजी नट. काकांनी तो पाना बसवला, हळूच दाबला. कट्. सुटला.

दुसरं हत्यार जाडजूड, वजनदार स्क्रू ड्रायव्हरसारखं. मी त्याने स्क्रू पिळायला गेलो, तर काका म्हणाले, "पिळू नको, हातोडी घाल!" हा इम्पॅक्ट ड्रायव्हर. वरून ठोका बसला की टोक स्क्रूत घट्ट रुततं आणि त्याच क्षणी थोडं फिरतं. इंजिनच्या कव्हरचे जाम झालेले स्क्रू डोकं न घासता सुटतात. फक्त आधी दिशा बघून घ्या. उलटी असेल तर प्रत्येक ठोक्याने स्क्रू अजूनच आवळला जाईल.

तिसरं मात्र मला अजिबात कळेना. कोयत्यासारखं वाकडं, टोकाला एक दात. काका म्हणाले, "हत्यार कुठं झिजलंय ते बघ. तिथंच त्यानं काम केलंय." दात गुळगुळीत, चकचकीत झालेला. बाकी सगळ्यावर गंज.

हा हूक पाना. मागच्या शॉक-ॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगखाली खाचा असलेली रिंग असते, तिच्यात हा दात अडकवून ती फिरवायची. स्प्रिंग आवळली की डबलसीट बसल्यावर गाडी मागे बसत नाही. दोन्ही बाजूंना पायरी सारखीच ठेवायची.

बाबांची रोजची बाइक आता मी चालवतो. तिला तो पाना लावून बघितला, बरोबर बसला. आणि आठवलं... आम्ही तिघं गावाला निघायच्या आदल्या रात्री बाबा गाडीमागे उकिडवे बसून काहीतरी फिरवायचे. मी कधी विचारलंच नाही, काय करताय.

तर मंडळी, घरात अशी पेटी असेल तर आधी रॉकेलने पुसा, आकडा वाचा, तोंडाचं माप घ्या, झीज बघा. ओळख पटेपर्यंत जोर लावू नका. आणि ज्यांची पेटी आहे ते घरात असतील, तर हा भाग इथंच थांबवा आणि त्यांना जाऊन विचारा.

भंगारवाला काल परत आला होता. आईनेच त्याला सांगितलं, "ती पेटी नाही द्यायची."

भेटू पुढच्या भागात!