मंद आच आणि वरचे पाणी

(संस्थेच्या महोत्सवानिमित्त हैदराबाद येथे भरलेल्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून आमटी-रश्शावर बोलायचे, हा विषय काहींना हलका वाटेल. मी शाळेत विज्ञान शिकविते, आणि पाणी उकळते म्हणजे काय होते हे सांगताना उदाहरण देते ते घरच्या पातेल्याचेच. शिवाय आपले शहर असे आहे की इथे पातेल्यालाही दोन-तीन भाषा येतात. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. नांदेड-परभणीकडची आमटी आणि इथला मरग-दालचा शेजारी शेजारी शिजत आले. भिंतीपलीकडच्या काकूंकडून होळीला कटाची आमटी आमच्याकडे येई. आमची यखनी अर्थातच तिकडे जात नसे, पण ईदेचा शीरखुर्मा मात्र न चुकता जाई.

ह्या सर्व पदार्थांचे मर्म एकच, ते म्हणजे मंद आच. पाणी एकदा उकळू लागले की त्याखाली ज्वाला कितीही वाढवा, ते अधिक तापत नाही. हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच असल्याने आपल्याकडे ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते. मोठी केलेली ज्वाला फक्त वाफ वाढविते. म्हणजे डाळ लवकर शिजत नाही, गॅस मात्र लवकर संपतो. प्रेशर कुकरचेही तसेच. आत दाब साठल्यामुळे तिथे पाणी १२० अंशांच्या जवळ जाते, म्हणून डाळ झटपट शिजते. परंतु एकदा दाब भरला की तो टिकविण्यास बारीक आच पुरते. पुढच्या शिट्ट्या म्हणजे बाहेर टाकलेली वाफ होय.

यखनीला मंद आच लागते ती निराळ्या कारणाने. हाडांना, सांध्यांना जो चिवट भाग असतो, तो गरम पाण्यात तासन् तास राहिला की विरघळतो, आणि रश्शाला तो ओठांना चिकटणारा गुळगुळीतपणा येतो. हाडे थंड पाण्यात घालून हळूहळू तापवावीत, वर येणारा फेस काढीत जावे, आणि मग पाणी नुसते हलत राहील इतकीच आच ठेवावी. खदखदा उकळू दिले तर चरबी आणि फेस पाण्यात घुसळले जातात आणि यखनी गढूळ होते. पांढऱ्या रश्शात नारळाचे दूध घातल्यावर त्याला जोराची उकळी येऊ देऊ नये, नाहीतर ते फाटते. कढी फुटते तीही मुख्यतः अशीच. ताकातले कण उष्णतेने गोळा होऊ पाहतात. बेसन त्यांच्या मध्ये शिरून त्यांना दूर ठेवते. म्हणून आधी बेसन, मग आच, आणि तीही मंद. आमटीत चिंच कधी घालावी याबद्दल सासू-सुनांत वाद होतात. आंबटाने डाळीची साल आणि गर घट्ट राहतो, तेव्हा डाळ पुरती मऊ झाल्याशिवाय चिंच घालू नये. इथे सासूबाईंचे बरोबर आहे.

इतके झाले पातेल्याचे. पण मला आज जे मुख्यतः सांगायचे आहे ते पातेल्यातून वाटीत काय येते याबद्दल.

मंद आचेवर इतका वेळ शिजलेल्या पाण्यात सगळे सत्त्व उतरले असणार, अशी आपल्या घरांत पक्की समजूत आहे. म्हणून आजाऱ्याला यखनीचे पाणी आणि तान्ह्याला वरणाचे वरचे पाणी. पालकसभेला आलेल्या एका आईने मला सांगितले होते, 'बाई, धाकटा दहा महिन्यांचा आहे, रोज दोन वाट्या वरणाचे पाणी पितो, तरी अंग धरीत नाही.' ती माऊली कष्टाळू होती. डाळ शिजवून, निवळून, गाळून ती पाणी देत होती, आणि खाली राहिलेली डाळ घरची मोठी माणसे जेवत होती.

तुरीच्या शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. शिजविल्यावर ती बहुतांश डाळीतच राहतात. वर निवळलेल्या पाण्यात थोडे क्षार, थोडी जीवनसत्त्वे, थोडा पिठूळपणा आणि पुष्कळसे पाणी असते. बाळाचे पोट लहान. किलोमागे सुमारे तीस ग्रॅम एवढेच ते एका वेळी सामावून घेते, म्हणजे आठ किलोच्या बाळात सुमारे २४० ग्रॅम. एवढ्याशा जागेत वाटीभर पाणी भरले की बाळ तृप्त दिसते, झोपते, आणि भुकेलेच राहते. आजाराला वाट होते ती अशी, गरिबीमुळे नव्हे तर मायेपोटीच.

सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला आईचे दूधच, आणि पुढे दुधाबरोबर दाट अन्न. किती दाट? चमचा कलता केला तर घरंगळू नये इतके. वरण घोटून, भात कुस्करून, त्यात थोडे तूप घालावे. ही माझ्या पदरची गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. आपल्याच शहरात तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था १९५८ साली इथे आली. आपल्या दाराशी एवढी विद्या असताना मुलांना वरचे पाणी पाजावे, हे मला फार लागते.

यखनीचेही तसेच. हाडांतला चुना पाण्यात फारच थोडा उतरतो. चिवट भाग विरघळून येतो खरा, पण तो पुरते प्रथिन नव्हे, त्यात शरीराला लागणारा एक घटक मुळीच नसतो. ताप उतरलेल्या माणसाला गरम यखनी बरी वाटते. पाणी आणि मीठ पोटात जाते, भूक चाळवते. अवश्य द्यावी. मात्र ती दिली म्हणजे जेवण झाले, असे समजू नये. त्यातले मांस बारीक करून त्यातच घालावे. दात गेलेल्या अब्बाजींना, आजोबांना पातळ सूप देत राहण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

आपल्या जुन्या स्वयंपाकिणींना हे ठाऊक नव्हते असे नाही. रमजानचा हलीम पाहा. गहू, डाळी, मांस सारे एकत्र घोटलेले, टाकलेले काही नाही. म्हणूनच दिवसभराच्या रोज्यानंतर तो पोटाला आधार देतो. काकूंच्या कटाच्या आमटीतही फसवणूक नव्हती. हरभऱ्याची डाळ पुरणात जाई, कट आमटीत, आणि दोन्ही एकाच पानात येत.

आता भगिनींकडून आलेल्या चिठ्ठीतील एक प्रश्न. रस्सा मोठ्या पातेल्यात करून रात्री तसाच ठेवला तर चालतो का? चालत नाही. काही जंतूंची बीजे उकळूनही मरत नाहीत, आणि पातेल्याच्या मध्यभागी रस्सा कित्येक तास कोमट राहतो. तिथे ती रुजतात. पूर्वी निहारी रात्रभर निखाऱ्यावर असे, पण ती रात्रभर चांगली गरमही असे. आपण गॅस बंद करून निजतो, हा फरक आहे. उरलेला रस्सा उथळ भांड्यांत ओतून, भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववावा, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढून सणसणीत उकळावा. ह्या वेळी मात्र आच मोठी ठेवण्यास हरकत नाही.