मणक्याचं ऑपरेशन आणि दावणीची जोडी
(राजूर येथील बैठकीतील भाषण)



राजूर हे डांगी जनावरांच्या प्रदर्शनाचं गाव. दावण मोकळी होणं म्हणजे काय, हे इथं सांगायला नको. पण मणक्याचं ऑपरेशन झालं, की घरात पहिली गोष्ट निघते ती बैलजोडी विकायची. अडलेल्याचा माल बाजार पाडूनच मागतो. कापूस असो की बैल.

आम्ही म्हणतो, आधी हिशेब करा. १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो वजन. डॉक्टर पहिले काही आठवडे वाकणं, उचलणं, कमरेत वळणं बंद करतात. चालायला मात्र सांगतात. तेव्हा कासरा हातात धरू नका. पाणी, शेण, कडबा सावडीनं वाटून घ्या. सगळं मालकिणीवर टाकू नका. तिलाही पाठ आहे.

माणूस उभा राहील, तेव्हा जोडी दावणीला हवी.