दत्तक आणि देखभाल



झाशीत ‘दत्तक’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात १८५३ साल उभे राहते. मुळच्या कोकणातल्या नेवाळकर घराण्यातील गंगाधररावांनी त्या वर्षी २० नोव्हेंबरला आनंदराव या बालकास दत्तक घेतले, त्याचे नाव दामोदरराव ठेवले, आणि दुसऱ्याच दिवशी ते निवर्तले. लॉर्ड डलहौसीने हे दत्तविधान राज्यापुरते अमान्य केले व १८५४ मध्ये झाशी संस्थान खालसा झाले. पुढचा इतिहास आपण सर्व जाणता. आज मी ज्या दत्तकाविषयी बोलणार आहे, तो मात्र राज्याचा नव्हे. तो संगणकाच्या आज्ञावलींचा आहे.

संगणक चालविणाऱ्या मूलभूत प्रणालींपैकी काही मुक्त असतात. म्हणजे त्यांची मूळ संहिता कोणासही वाचता, सुधारता व वाटता येते. ‘डेबियन’ ही अशीच एक प्रणाली. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये तिचा आरंभ केला. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या तिच्या तेराव्या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजे, म्हणजे स्वतंत्रपणे बसविता येणारे घटक, आहेत. पुण्यास मुख्यालय असलेल्या आपल्या सी-डॅक संस्थेची, भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनच्याच पायावर रचलेली आहे. आणि एवढा संसार सांभाळणारी माणसे मुख्यतः स्वयंसेवक आहेत.

पॅकेज एकदा दिले म्हणजे काम संपले, असे नाही. मूळ लेखकाने सुधारणा केली की ती आणावयाची, तक्रारी आल्या की दोष शोधावयाचा, ज्या दुसऱ्या घटकांवर ते अवलंबून आहे ते बदलले की त्याचीही पुन्हा जुळणी करावयाची, हे काम वर्षानुवर्षे चालते. विहीर बांधणाऱ्याचे नाव शिळेवर कोरले जाते. दर उन्हाळ्यात तिचा गाळ उपसणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. तथापि गावाला पाणी मिळते ते या दुसऱ्या माणसामुळे.

सांभाळणारा थकला, वा त्याचा व्यवसाय बदलला, तर काय करावे? डेबियनमध्ये यासाठी रूढ परिपाठ आहे. त्याने आपले पॅकेज ‘अनाथ’ झाल्याचे जाहीर करावयाचे; ते सार्वजनिक यादीत चढते; आणि ज्याला इच्छा असेल तो ‘मी हे दत्तक घेतो’ असे उघडपणे कळवितो. नवख्याचे काम आधी एखादा अनुभवी सभासद तपासतो. कोणीच पुढे आले नाही आणि गंभीर दोष तसेच राहिले, तर ते पॅकेज भांडारातून काढून टाकले जाते. आमच्या सरकारी कचेऱ्यांत बदलीच्या वेळी कार्यभार देताना यादी करून उभयतांच्या सह्या घेतात, त्याचेच हे प्रतिरूप होय.

परंतु वारस मिळणे पुरेसे नाही; तो कोण, हेही पाहावे लागते. माहितीचे आकारमान लहान करणारा ‘एक्सझेड’ नावाचा घटक जगातील असंख्य संगणकांत आहे. त्याचा भार अनेक वर्षे मुख्यतः एकाच विनावेतन माणसाच्या खांद्यावर होता. तो थकलेला असताना ‘जिया टॅन’ या नावाने कोणी मदतीस आले, दोन-अडीच वर्षे नेकीने काम करून विश्वास मिळविला, सांभाळण्याचा अधिकार मिळविला, आणि २०२४ च्या आरंभी त्यात गुप्त चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. त्याने त्याचा माग काढला व २९ मार्च २०२४ रोजी ही गोष्ट जगापुढे मांडली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ती चोरवाट पोचली नव्हती. नवे काही आले की ते आधी चाचणीच्या आवृत्त्यांत मुरू द्यावयाचे, हा शिरस्ता तेथे उपयोगी पडला.

या प्रकरणावरून कित्येकांनी निष्कर्ष काढला की, परक्यावर विश्वास टाकणेच चूक. मला तो मान्य नाही. ज्या उघडेपणामुळे चोर आत आला, त्याच उघडेपणामुळे एका चिकित्सक माणसास मूळ संहितेपर्यंत जाऊन तो पकडता आला. दोष होता तो एकटेपणाचा. ज्या घटकावर जग अवलंबून आहे, त्यापाशी दुसरा जाणता माणूस आधीपासून उभा असता, तर थकलेल्या हाताने मिळेल तो आधार धरला नसता.

म्हणून वारस शोधावयाचा तो संकट ओढवल्यावर नव्हे, हात धडधाकट असतानाच. आणि हे काम केवळ निष्णातांचे आहे असेही नाही. आढळलेला दोष नीट लिहून कळविणे, एखाद्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करणे, कोणी केलेली दुरुस्ती आपल्या संगणकावर तपासून पाहणे, येथून आरंभ करता येतो. झाशी, नागपूर वा पुणे येथील एखाद्या महाविद्यालयातील दोघा विद्यार्थ्यांनी मिळून यादीतील एकच अनाथ पॅकेज निवडावे व वर्षभर नेटाने सांभाळावे. आपण जे फुकट वापरतो ते कोणाच्या तरी रात्री खर्चून टिकलेले असते. त्यांतील एखादी रात्र आपलीही असावी, एवढीच अपेक्षा.